मर्सी बेटावरील कव्वालांची पार्टी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, मर्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. मुख्य भूमीशी ते एका सखल रस्त्याने जोडलेले असून मोठ्या भरतीच्या वेळी तो रस्ता पाण्याखाली जातो आणि बेटावरची ये-जा ओहोटीपर्यंत तहकूब राहते. १९८५ च्या जुलै महिन्यात या बेटावर जो कलामहोत्सव भरला, त्यात न्यू ऑर्डर, द फॉल अशा, तेथील तरुणांच्या तोंडी असलेल्या वाद्यवृंदांच्या पंक्तीला पाकिस्तानातील फैसलाबादच्या कव्वालांची एक पार्टी बसविण्यात आली होती. तिचे म्होरके होते छत्तीस वर्षांचे नुसरत फतेह अली खान.

महोत्सवाचे नाव ‘वोमॅड’. देशोदेशींचे संगीत, नृत्य आणि कला एका मैदानात आणण्याची ही कल्पना पीटर गेब्रिएल या इंग्रज गायकाची आणि त्याच्या मित्रमंडळींची. पहिला मेळा १९८२ साली शेप्टन मॅलेट येथे भरला. कलावंत आले, वाहवाही झाली, पण जमाखर्चाचा मेळ असा चुकला की देणेकऱ्यांच्या तगाद्याने संयोजकांची पुरेवाट झाली. अखेर ज्या ‘जेनेसिस’ वृंदातून गेब्रिएल १९७५ साली बाहेर पडला होता, त्याच वृंदातील जुने सोबती त्या ऑक्टोबरात मिल्टन कीन्स येथे त्याच्याबरोबर एक रात्र पुन्हा उभे राहिले आणि त्या उत्पन्नातून कर्जाची वासलात लागली. कलेच्या असल्या उद्योगांत उत्साह रोखीचा आणि पैसा उधारीचा, हे विलायतेतही चुकत नाही म्हणायचे.

नुसरतांचे घराणे मूळचे जालंदरचे, पिढ्यान्‌पिढ्या कव्वाली गाणारे. फाळणीत ते लायलपुरास गेले आणि त्या शहराचे पुढे फैसलाबाद झाले. मुलाने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. ते १९६४ साली वारले, आणि १९७१ मध्ये चुलते मुबारक अली खानही निवर्तल्यावर पार्टीची मुखत्यारी ऐन विशीतल्या नुसरतांकडे आली. विलायतेत ते अगदीच अपरिचित होते असे मात्र नव्हे. बर्मिंगहॅमच्या ओरिएंटल स्टार एजन्सीज या कंपनीने काढलेल्या त्यांच्या ध्वनिफिती तेथील पंजाबी कुटुंबांत मोठ्या आवडीने ऐकल्या जात. परंतु त्याच देशातील गोऱ्या श्रोत्यांच्या कानी हे नाव क्वचितच गेले असेल.

अशा पार्टीचा लवाजमा पाहावा तर बेताचाच असतो: आठदहा माणसे, दोन पेट्या, एक तबल्याची जोडी. बाकी वाद्य म्हणजे ज्याचे त्याचे हात. त्यांतली पेटी तर मूळची युरोपचीच. फ्रान्समध्ये जन्मलेले हे वाद्य पायाने भाता हलवून वाजवीत, त्याला हिंदुस्थानात आल्यावर हातभात्याचे रूप मिळाले, १९४० मध्ये आकाशवाणीने त्याला हद्दपारही केले, आणि आता ते कव्वालांच्या सामानातून आपल्या माहेरच्या खंडात पुन्हा चालले होते.

पार्टी जमिनीवर दोन रांगांत बसते. पुढच्या रांगेत मुख्य गायक, त्याचे जोडीदार गायक आणि पेटी. मागे तबलजी आणि टाळ्या देणारे हमनवा. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराची ओळ उचलून धरणाऱ्या झीलकऱ्यांचे जे काम, तेच या हमनव्यांचे. आरंभी पेटीवर केवळ सुरावट वाजते, मग मुक्त आलाप, मग तालावाचून म्हटलेला एखादा शेर, आणि श्रोता पुरता सावध झाला म्हणजे तबला व टाळ्या एकदम उतरतात. त्यानंतर मुख्य गायक सरगमांच्या कितीही भराऱ्या मारो, मागची रांग मुखडा सोडत नाही. दर्ग्यातील महफिलीत या रचनेला आणखी एक बंधन असते. एखाद्या ओळीने कोणा श्रोत्यास हाल आला, म्हणजे भावावेशात त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो भानावर येईपर्यंत तीच ओळ पुनःपुन्हा गात राहणे कव्वालावर बंधनकारक असते. त्यामुळे कव्वालाच्या तालमीत सुरांइतकाच समोरचा चेहरा वाचण्याचाही अंतर्भाव होतो, आणि ही विद्या भाषेवर अवलंबून नाही.

मर्सीवर ती कामी आली असे माझे मत आहे. मध्यरात्रीच्या सुमारास आरंभलेल्या त्या बैठकीचे जे ध्वनिमुद्रण तब्बल चौतीस वर्षांनी, २०१९ साली, प्रसिद्ध झाले, त्यात चारच रचना आहेत. प्रथम ‘अल्ला हू’ हे ईशस्तवन. त्यामागून हजरत अलींचे गुणगान. मग सिंधमधील सेहवानचे पीर लाल शाहबाज कलंदर यांची स्तुती. आणि शेवटी ‘बीबा साड्डा दिल मोड़ दे’ हे पंजाबी प्रेमगीत. क्रम सारा परंपरेचा. एखाद्या व्यवहारचतुर व्यवस्थापकाने ते नखरेल पंजाबी गीत आधी उरकून स्तवनाला चाट दिली असती, आणि शब्द न कळणाऱ्या श्रोत्यांपुढे ती युक्ती शहाणपणाचीही ठरली असती. पण जो श्रोता काहीच जाणत नाही त्याला परंपरेचा क्रमच अधिक उपकारक ठरतो. कारण त्या क्रमात प्रथम टाळीचे वजन अंगवळणी पडते, मुखड्याचे वळण कानात बसते, आणि मगच गायक त्याला दूर घेऊन जातो.

पुढील कथा बहुतेकांस ठाऊक आहे. गेब्रिएलच्या रिअल वर्ल्ड संस्थेने १९८९ मध्ये ‘शहेन-शाह’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि १९९० मध्ये मायकेल ब्रुक याच्या साहाय्याने ‘मस्त मस्त’ आली. या दुसऱ्या मुद्रिकेच्या संपादनात काही ओळी मध्येच तोडल्या गेल्याने अर्थाची फारकत झाली होती व त्या पुन्हा सांधाव्या लागल्या. आधुनिक वाद्यांच्या साथीला माझी हरकत नाही, आणि नुसरतांचीही नव्हती. परंतु ज्या गायनात एका ओळीवर तासभर मुक्काम करण्याची मुभा आहे, त्याला पाच मिनिटांच्या मापात बसविताना कात्री कोठे लागणार हे उघडच होते.

मर्सीनंतर आठवडाभराने, २७ जुलै रोजी, हीच पार्टी बर्मिंगहॅमला आपल्या नित्याच्या जाणकार मंडळींपुढे बसली, आणि तेथे नुसरतांचा दहा-अकरा वर्षांचा पुतण्या राहत याने स्वतंत्रपणे गाऊन दाखविले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये नुसरत लंडनमध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे पार्टीत पुढच्या रांगेत बसला तो हाच राहत.