थांबल्याशिवाय वाट नाही

कर्जत म्हटलं की प्रवाशाला बटाटेवडा आठवतो. पुण्याकडे निघालेल्या गाड्या मात्र इथे वर्षानुवर्षं थांबत आल्या त्या बँकरसाठी. मागे लागलेली ही इंजिनं गाडीला बोरघाट चढवतात, आणि मध्येच कपलिंग तुटलं तर डबे मागे घरंगळू देत नाहीत. संपादकांनी मला या बँकरांवरच लिहायला पाठवलं होतं. मी गुंतलो ते उतरणीवरच्या कॅच सायडिंगमध्ये.

1856 मध्ये रूळ पळसदरीहून खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला पोचले आणि डोंगरापाशी थांबले. पुढचा घाट 1863 मध्ये खुला झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करून घेतला. 1867 च्या पावसाळ्यात याच घाटातला माऊ-की-माळीचा पूल कोसळला.

घाटातला सर्वांत तीव्र चढ 37 ला 1. भरलेली मालगाडी या उतारावर एकदा हाताबाहेर गेली, की तापलेले ब्रेक तिला आवरू शकत नाहीत. म्हणून मुंबईकडे उतरणाऱ्या मार्गावर ठरावीक जागी सांधा मुळातच आडवाटेला लावलेला असतो. ती वाट, म्हणजेच कॅच सायडिंग, डोंगराच्या अंगावर चढते आणि तिथेच संपते. सुटलेली गाडी तिच्यात शिरली, की चढावर तिचा वेग मरतो. शिस्तीत आलेल्या गाडीलाही सूट नाही. तिने आधी पूर्ण थांबायचं. ती थांबली याची खात्री पटल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. या व्यवस्थेत लोको पायलटचा अपमान नाही. माणूस चुकेल, ब्रेक दगा देईल, हे तिने आधीच धरलं आहे, आणि तरीही डब्यातली माणसं घरी पोचली पाहिजेत हा तिचा हट्ट आहे. मला तो फार मोलाचा वाटतो.

अपघातानंतर मात्र हाच शहाणपणा हरवतो. 2 जून 2023 ला ओडिशात बालासोरजवळच्या रेल्वे अपघातात दोनशे नव्वदहून अधिक माणसं गेली. पुढच्याच महिन्यात सिग्नल विभागातल्या तिघांना अटक झाली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात मात्र अनेक पातळ्यांवरच्या चुका होत्या. चुकीच्या वायरिंगमुळे सिग्नल बिघडण्याचा तसाच प्रकार त्याच रेल्वे झोनमध्ये मे 2022 मध्ये बांकडा नयाबाज स्थानकावर घडला होता. तेव्हा दुरुस्ती झाली असती, तर बालासोर टळलं असतं, असं अहवालच सांगतो. त्या वर्षभराचा जाब कोणी द्यायचा? अनिल काकोडकर समितीने 2012 मध्येच रेल्वे बोर्डापासून स्वतंत्र, कायद्याने अधिकार मिळालेलं सुरक्षा प्राधिकरण मागितलं होतं. गाड्या चालवणारे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे एकाच छताखाली नकोत, ही त्यामागची साधी भूमिका. ते प्राधिकरण उभं राहिलेलं नाही.

इकडे घाटाची स्वतःची काळजी वेगळीच. कॅच सायडिंग सुटलेली गाडी अडवते. सुटलेली दरड नाही. 2019 च्या पावसाने मंकी हिलच्या बाजूचा मार्ग असा उखडला, की दुरुस्तीला महिने लागले आणि कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या. आषाढात रात्री गस्त घालणारा ट्रॅकमन भिजत, वर कड्याकडे आणि खाली रुळांकडे बघत चालतो. सैल झालेला दगड त्याने कळवला, तर त्याची नोंद कोणाच्या टेबलावर जाते आणि किती दिवसांत कोणी वर चढून तो दगड काढतं, हे प्रत्येक पावसाळ्याआधी जाहीर व्हायला हवं.