पंचवीस तारखेनंतरची विक्री

बिस्किटं-साबणाच्या धंद्यात पंचवीस तारीख उलटली की फोन वाढतात. एरिया मॅनेजर डिस्ट्रिब्युटरची मनधरणी करतो, ‘शेठ, एवढं बिल घेऊन टाका, पुढच्या महिन्यात स्कीममध्ये ॲडजस्ट करू.’ माल गोदामात जाऊन पडतो, कंपनीच्या वहीत विक्री लागते, दुकानात मात्र एक पुडाही पोचलेला नसतो. ही प्रायमरी. गोदामातून दुकानात जाते ती सेकंडरी. टार्गेट प्रायमरीचं दिलं तर पोरं प्रायमरीच करणार.

सांगली भागातल्या एका गोदामात तिमाहीची उद्दिष्टं ठरवायला टीम बसली होती, तिथे मीही होतो. बसायला मालाचे खोके, समोर पांढरा बोर्ड. मॅनेजरने वर लिहिलं : ‘आपल्या बीटवर कुठल्याही दुकानात आपला माल संपलेला दिसू नये.’ बीट म्हणजे सेल्समनच्या फेरीचा ठरलेला मार्ग. वरच्या ओळीत आकडा नव्हता, आणि नसावाच. जायचं कुठे ते उद्दिष्ट सांगतं; पोचलो की नाही ते खालचे आकडे सांगतात.

खाली पहिली सूचना आली, रोज चाळीस दुकानं. मॅनेजरने ती लगेच खोडली. बरोबर केलं. गाडीवरून न उतरता ‘काका, काही हवंय?’ असं विचारायचं, काकांनी मान हलवायची, की ॲपमध्ये कॉल पडतो. अशा चाळीस भेटी जेवणाच्या सुट्टीआधी उरकतात. मग ठरलं, चाळीसपैकी पंचवीस दुकानांत बिल निघालं पाहिजे आणि प्रत्येक बिलात किमान पाच आयटम हवेत.

यावर टीममधला सर्वांत जुना सेल्समन म्हणाला, “पाच सांगितलेत तर पाच टाकीन. एकेक नग. पुढच्या फेरीला तो परत घ्यावा लागेल, तेव्हा बोलू नका.” हसले सगळे, पण बोर्डावरची सगळ्यात कामाची ओळ त्याच्यामुळे आली : नवा आयटम ज्या दुकानात ठेवला, तिथून दोन फेऱ्यांच्या आत त्याची पुन्हा ऑर्डर आली पाहिजे. तिच्याखाली आणखी एक, एकवीस दिवसांपुढची उधारी वाढता कामा नये.

एका आकड्यावर दुसऱ्याचा पहारा बसवायची ही युक्ती इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या अँडी ग्रोव्ह यांनी 1983 च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’मध्ये मांडली आहे. हल्ली कंपन्यांत जे ‘ओकेआर’ (उद्दिष्टं आणि ती मोजणारे प्रमुख निकाल) म्हणून चालतं, त्याचं मूळही त्यांच्याच इंटेलमध्ये. इंटेलमध्ये काम केलेल्या जॉन डोअर यांनी ते 1999 मध्ये गूगलला नेलं. आकडा नेमका कशाचा द्यायचा, याचं उदाहरणही इंटेलचंच. मोटोरोलाची चिप भारी पडू लागली, तेव्हा 1980 मध्ये इंटेलने ‘ऑपरेशन क्रश’ काढलं. विक्रेत्यांना आकडा दिला वर्षात दोन हजार ‘डिझाइन विन’चा, म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या यंत्रात इंटेलचीच चिप बसवायचं ठरवणं. डॉलर मोजलेच नाहीत, कारण निर्णय झाला की पुढची वर्षं ऑर्डर येतच राहते. मिळाले जवळपास अडीच हजार, आणि त्यांत आयबीएमचा पीसीही होता.

पहारा नसला की काय होतं, ते अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेत दिसलं. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ प्रॉडक्ट्स विकायचा धोशा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. 2016 मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. कागदावर आकडे फुगले होते, हे विशेष.

गोदामातल्या बोर्डावर प्रायमरीचा आकडा लिहिला गेला नाही. तो मेलवर आला, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि महिन्याचा इन्सेंटिव्ह त्यावरच होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत टीम बोर्डाप्रमाणे चालली, पुढे मेलप्रमाणे. तुमच्याकडे असा बोर्ड लागला, तर इन्सेंटिव्ह कोणत्या आकड्यावर निघणार हे त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर विचारून घ्या.