समुद्रात सांडलेले तेल पावसातून परत येते काय?

ऑगस्ट महिना हा कोकणातील भातशेतीच्या दृष्टीने मोठ्या आशेचा काळ होय. लावणी आटोपलेली असते, रोपांनी मूळ धरलेले असते आणि शेतकऱ्याची सारी भिस्त पावसावर असते. अशाच दिवसांत, ७ ऑगस्ट २०१० रोजी, मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' व 'खलिजा-३' ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. 'चित्रा' कलंडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात सांडले. वारा व भरती यांबरोबर ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि कित्येक ठिकाणची तिवरे भरतीच्या रेषेपर्यंत काळी पडली.

समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते, त्याचे ढग बनतात आणि तेच पाणी पाऊस होऊन शेतावर पडते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. मग पाण्यावर पसरलेले तेलही त्याच वाटेने शेतात यावयाचे नाही काय? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. त्याचे उत्तर मात्र नीट समजून घेतले पाहिजे. ते न समजल्यास शेतकरी विनाकारण भिऊन पावसाच्या पाण्यालाच दोष देतो आणि संकट ज्या वाटेने खरोखर येते, तिकडे त्याचे दुर्लक्ष होते.

पाणी वर जाते, मीठ मागे राहते

उरण-पेणकडील मिठागर ज्याने पाहिले आहे, त्यास या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडलेच आहे. मिठागरात खारे पाणी घेतले जाते. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि मीठ कोंडीतच राहते. समुद्र खारा असूनही पाऊस गोडा पडतो तो याच कारणाने. वाफ होताना पाणी आपल्याबरोबर इतर पदार्थ उचलून नेत नाही. जो पदार्थ स्वतः वाफ होऊ शकतो, तोच वर जातो.

खनिज तेल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. त्यांतील काही पेट्रोलसारखे हलके असतात. ते उघड्यावर ठेवले की पाहता पाहता उडून जातात. काही रॉकेल वा डिझेलसारखे मध्यम असून सावकाश उडतात. काही डांबरासारखे जड असतात. रस्त्यावरील डांबर वर्षानुवर्षे उन्हात तापते, तरी त्याची वाफ होऊन ढग बनत नाहीत. म्हणून हलक्या जातीच्या कच्च्या तेलाचा पाऊण हिस्सादेखील काही दिवसांत हवेत जाऊ शकतो, मध्यम तेलाचा सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जातो, तर जड इंधन तेलाचा जेमतेम ५ ते १० टक्के भाग उडतो. मोठ्या जहाजांच्या टाक्यांत बहुधा हे जड तेलच असते. त्याचा बहुतेक भाग समुद्रावरच राहतो, लाटांनी घुसळून घट्ट होतो आणि अखेर डांबराच्या गोळ्यांच्या रूपाने किनाऱ्यास लागतो.

वर गेलेल्या भागाचे काय होते?

मुंबईच्या अपघातापूर्वी थोडेच महिने हाच प्रश्न अमेरिकेत विचारला जात होता. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरत्या मंचावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. १५ जुलै रोजी विहिरीचे तोंड बंद होईपर्यंत सुमारे ४९ लाख पिंपे तेल बाहेर पडले, असा तेथील सरकारचा अंदाज आहे. जूनमध्ये लुइझियाना राज्यातील रस्त्यांवर, पावसानंतर साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसल्याची चित्रे सर्वत्र पसरली आणि आकाशातून तेल पडत असल्याचा बोभाटा झाला. आखातातील तेल अशा रीतीने जलचक्रात शिरते, असे मानण्यास शास्त्रीय आधार नाही, असे तेथील पर्यावरण खात्याने सांगितले. रस्त्यावर वाहनांचे ठिबकलेले तेल साठलेले असतेच; पाऊस ते केवळ उचलून दाखवितो.

तथापि, काहीच वर गेले नाही असेही नाही. जून महिन्यात शास्त्रज्ञांनी विमानातून त्या तेलावरील हवेची तपासणी केली. तेलातील हलके भाग पृष्ठभागावर येताच थोड्या वेळात उडून जात होते. त्यांहून जड असे मध्यम भाग अधिक विस्तृत पट्ट्यावरून सावकाश उडत होते आणि त्यांपासून हवेत अतिसूक्ष्म कण तयार होत होते. असे कण पावसाबरोबर खाली येऊ शकतात. परंतु तोवर सूर्यप्रकाशामुळे घडणाऱ्या रासायनिक क्रियांनी त्यांचे मूळ रूप पालटलेले असते आणि वाऱ्याने ते फार विरळ झालेले असतात. ज्यांचे कण होत नाहीत, ती हलकी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नसल्याने पाऊस त्यांना थोडेच धुऊन आणतो. त्यांतील बरीचशी काही तासांत ते काही दिवसांत हवेतच विघटन पावतात. सारांश, तेलाचा अंश आकाशात जातो, पण खाचरात तवंग धरील असे तेल पावसातून पडत नाही.

तेल पेटल्यास गोष्ट वेगळी

या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. तेल जळू लागले की काजळी व गंधकाचे वायू निर्माण होतात. काजळीला वाफ व्हावयाची गरज नसते. धुरावर स्वार होऊन ती दूर जाते आणि पावसाबरोबर खाली उतरते. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतमधील ६०० हून अधिक तेलविहिरींना आगी लावण्यात आल्या. शेवटची आग विझावयास नोव्हेंबर उजाडला. त्या काळात शेजारच्या इराणमध्ये काळा पाऊस पडल्याची नोंद आहे. म्हणून समुद्रावर वा किनाऱ्यावर तेलाला आग लागली असेल आणि वारा गावाकडे वाहत असेल, तर पहिल्या पावसाचे पाणी पिण्यासाठी साठवू नये. पागोळ्यांचे पाणी धरणाऱ्यांनी छप्पर धुऊन गेल्यावरच भांडे लावावे.

खाचरातील तवंग कसा ओळखावा?

जांभ्या जमिनीच्या प्रदेशात साचलेल्या पाण्यावर पुष्कळदा निळसर-तांबूस चकाकणारी साय दिसते. तेलाच्या वार्तेने धास्तावलेला शेतकरी तीच तेल समजतो. बहुधा ती जमिनीतील लोहामुळे व त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंमुळे आलेली असते आणि पिकास तिची धास्ती नसते. दोहोंतील फरक ओळखण्यास काडी पुरे. काडीने तवंग ढवळावा. लोहाची साय पापडाप्रमाणे तुटते आणि तिचे तुकडे अलग राहतात. तेलाचा तवंग मात्र फाकतो आणि पुन्हा एकत्र मिळतो. शिवाय तेलास वास असतो.

पावसाच्या पाण्याविषयीच शंका असल्यास झाड, छप्पर व रस्ता यांपासून दूर, उघड्यावर स्वच्छ घासलेले पातेले ठेवावे. जमलेल्या पाण्याचा थर कोऱ्या कागदावर टिपून कागद सावलीत वाळवावा. पाण्याचा डाग वाळून जातो. तेलाचा डाग उजेडासमोर धरल्यास पारदर्शक दिसतो. गावकऱ्यांच्या देखत केलेला असा एक प्रयोग दहा व्याख्यानांचे काम करतो.

खरी वाट उघाडीची

सांडलेले तेल शेतात येते ते भरतीबरोबर, खाडीतून. खारबंदिस्तीला पडलेले खांड, उंदीर-खेकड्यांनी पोखरलेला बांध आणि नीट न मिटणारी उघाडीची दारे या त्याच्या वाटा होत. तेलाचा थर बसलेल्या जमिनीत हवा व पाणी खेळत नाही आणि मुळे गुदमरतात. तिवरांचीही श्वसनमुळे त्याने बुजतात, आणि तिवरे मेली की बांधाचे रक्षण करणारी भिंतच जाते. म्हणून किनाऱ्याजवळ तेल सांडल्याचे समजताच पुढील गोष्टी कराव्यात.

१. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणापूर्वी सर्व उघाड्या तपासाव्यात. फटी चिकणमाती व पेंढा यांनी बुजवाव्यात. ओहोटीस शेतातील पाणी सोडून भरतीपूर्वी दारे मिटली असल्याची खात्री करावी.

२. लहान ओढ्यांच्या तोंडाशी जुन्या जाळ्यात भाताचा पेंढा भरून त्याची वळकटी आडवी बांधावी. पेंढा तेल शोषून घेतो. भिजलेला पेंढा जाळू नये व शेणखतातही टाकू नये; तो वेगळा साठवून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा.

३. तेल लागलेला तिवराचा पाला गुरांना घालू नये.

४. तवंगावर साबणाची पूड टाकू नये. त्याने तेल नाहीसे न होता पाण्यात मिसळते.

५. किनाऱ्यास लागलेली पेटी वा पिंप घरी आणू नये. 'चित्रा' जहाजावरून पडलेल्या काही पेट्यांत कीटकनाशके होती.

६. तेल शेतात शिरलेच, तर ओल्या जमिनीत नांगर घालून ते खोल गाडू नये. वरचा थर खरवडून काढावा. उरलेला अंश जमिनीतील जीवाणू कालांतराने खातात. पाणी उतरल्यावर केलेली हलकी मशागत व थोडे नत्र-स्फुरद त्यांच्या कामास साहाय्य करते. तत्पूर्वी तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्यावा व तालुक्याच्या कृषी कार्यालयास कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती उधाणापूर्वीच प्रत्येक खारगावात पोहोचवावी. तेलाची वार्ता आल्यावर आकाशाकडे पाहत बसणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीमागून उघाडीतून पाणी शिरू शकते. आपल्या रोपांवर पडणारा पाऊस त्याने निःशंकपणे घ्यावा आणि रात्रीच्या भरतीस कंदील घेऊन बांधावर एक फेरी मारावी.