बँकेचे खाते : अमला पाहावी की माणूस?

आमच्या आईचे खाते लोदमधल्या ज्या स्नीफमध्ये होते, त्या स्नीफच्या काचेवर एके दिवशी कागद लागला. अमुक तारखेपासून हे स्नीफ बंद, सर्व खाती दुसऱ्या स्नीफकडे वर्ग. आई दर महिन्याच्या शेवटी तिथे जायची, बितुआख लेउमीचे पैसे आले का ते विचारायची, थोडे काढायची, आणि पकीदाच्या नातवंडांची चौकशी करून घरी यायची. तीसेक वर्षांचा हा शिरस्ता. आता नवीन स्नीफ दोन बस बदलून.

शुक्रवारी जेवायला सगळे जमले तेव्हा हाच विषय निघाला. आमचा मुलगा हायटेकमध्ये आहे, त्याला उत्तर तयारच होते. "आजी, स्नीफ पाहिजेच कशाला? बिनअमलेचं खाते उघडू, सगळं फोनवर." आई भात वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करू. पण पैसे अडकले तर मी भांडायचं कुणाशी? त्या फोनशी?"

यावर कोणी बोलले नाही. खरे तर आईने सगळा प्रश्न एका वाक्यात मांडला होता. बँकेत आपण अमलेचे पैसे देतो ते नक्की कशाचे देतो, आणि ते देणे परवडते की नाही? पुढचे दोन महिने आम्ही दोघांनी याचाच पाठपुरावा केला. आपल्यातल्या बऱ्याच घरांत हाच वाद चालू असणार, म्हणून जे कळले ते इथे लिहीत आहोत.

आधी अमलेचे. पूर्वी प्रत्येक बँक आपापल्या मनाने अमला लावायची आणि नावेही वेगवेगळी ठेवायची, तुलना करायची सोयच नव्हती. २००८ च्या जुलैपासून बँक ऑफ इस्राएलने सर्व बँकांना अमलोतची एकच यादी लावून दिली. नावे एक, भाव मात्र ज्याचा त्याचा. मग १ एप्रिल २०१४ पासून मसलूल आले. साध्या मसलूलमध्ये महिन्याला काउंटरवरचा एक व्यवहार आणि मशीन, फोन, इंटरनेट अशा सरळ मार्गाचे दहा व्यवहार मिळतात, आणि त्याची किंमत १० शेकेलच्या वर जाऊ नये असे बंधन आहे. मोठ्या मसलूलमध्ये काउंटरवरचे दहा आणि सरळ मार्गाचे पन्नास, त्याचा भाव अर्थातच जास्त.

मसलूल घेतला नाही तर प्रत्येक व्यवहाराचे वेगळे पैसे. पकीदकडून केलेल्या व्यवहाराला साधारण सहा शेकेल, सरळ मार्गाला पावणेदोनच्या आसपास, असे धरून चाला. बँकेगणिक थोडे इकडेतिकडे. आणि इथे पुष्कळ जण फसतात. व्यवहार म्हणजे आपण जाऊन पैसे काढले तेवढाच नव्हे. पेन्शन खात्यात आली तो एक, बितुआख लेउमी आले तो एक, विजेची होराअत केवा गेली तो एक, कार्डाचे महिन्याचे बिल वळते झाले तो एक. आपण घरात पाय पसरून बसलो असलो तरी मोजणी चालूच.

आईच्या खात्याचे कागद काढून आम्ही जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. जास्त बिलांचा महिना घेतला. दोन भरणे, कार्डाचे बिल, वाद बायत, वीज, पाणी, आर्नोना, गॅस आणि दोनदा कस्पोमात, झाले दहा. वर काउंटरवर तीन फेऱ्या. दहाचे साडेसतरा आणि तिघांचे अठरा, म्हणजे पस्तीसच्या वर. पण एझराख वातीक असलेल्या माणसाला आणि अपंगांना महिन्याला चार वेळा काउंटरवरचा व्यवहार सरळ मार्गाच्या भावात मिळतो, हा नियम आहे. शिवाय वीज, पाणी, आर्नोना, गॅस ही चारही बिले बँकेऐवजी कार्डावर टाकली तर महिनाअखेर खात्यातून एकच ओळ जाते. मग दहाचे सहा राहिले, त्यात काउंटरचे तीन, एकूण नऊ. सोळा शेकेलच्या आत काम. बँक बदलली नाही, स्नीफ सोडले नाही, तरी वीसेक शेकेल वाचले. ही युक्ती बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सांगायला हवी होती. नाही सांगितली.

म्हणजे बिनअमलेचे खाते आईला महिन्याला फार तर पंधरा-सोळा शेकेल वाचवून देणार. वर्षाचे दोनशेच्या आत.

आता फोनवरच्या बँकांविषयी. बँक लेउमीने २०१७ मध्ये पेपर काढली, तिथे चालू खात्याची नेहमीची अमला नाही. २०२२ पासून वन झिरो ही बिनस्नीफची बँक आली. बँक याहाव पूर्वी सरकारी नोकरांची म्हणून ओळखली जायची, तीही पगारदारांना अमलेची सूट देऊन बोलावते. हे सगळे चांगलेच आहे. ज्याचा पगार महिन्याला येतो, ज्याला हिब्रू आणि फोन दोन्ही हाताळता येतात, त्याने अमला का द्यावी? आमच्या मुलाचे खाते तसेच आहे आणि तो सुखी आहे.

पण आम्हीही एकदा तसे खाते उघडले होते. कुठल्या बँकेत ते सांगत नाही. दोन वर्षे काही म्हणजे काही तक्रार नव्हती. मग भाचीच्या लग्नाला मुंबईला गेलो असताना ठाण्याला रिक्षातून उतरताना फोन पडला आणि मेला. नवा फोन घेतला, पण खाते उघडेना, कारण बँक ओळख पटवायला जो आकडा पाठवते तो इस्राएलच्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर त्या मेलेल्या फोनात. बँकेला फोन केला तर पलीकडून गोड आवाजात विचारणा, "आत्ता पाठवलेला आकडा सांगा." आकडा येत नाही म्हणूनच फोन केलाय, हे तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेळा सांगितले. प्रत्येक जण नम्र, प्रत्येकाने माफी मागितली, आणि एकाच्याही हातात काही नव्हते. अकरा दिवस आम्ही चुलतभावाकडून रुपये उसने घेऊन काढले. आहेराचे पाकीटसुद्धा उसन्या पैशांचे! घरी आल्यावर नवीन सिमकार्ड घातले आणि पाच मिनिटांत सगळे सुरू झाले. दोन वर्षांत अमलेचे जेवढे वाचले होते तेवढे तर मुंबईहून केलेल्या फोनांतच गेले असतील.

म्हणून काय काउंटरवरची बँक म्हणजे मायबाप? तेही नाही. आमचे वडील त्यांच्या पकीदला देवमाणूस म्हणायचे. त्याच देवमाणसाच्या सल्ल्याने त्यांनी बँकेचे शेअर घेतले. पुढे १९८३ च्या ऑक्टोबरात बँकांच्या शेअरांचा फुगा फुटला आणि सरकारला मध्ये पडावे लागले. १९८६ मध्ये बेइस्की आयोगाने बँकांवर काय ताशेरे ओढले हे जुन्या लोकांना आठवत असेल. पकीद माणूस म्हणून भला असतो, पण पगार त्याला बँक देते, आपण नाही. मुंबईला पोस्टात नाहीतर रेल्वेत नोकरी केलेल्या आपल्या माणसांना साहेबावर विश्वास टाकायची सवय, ती इथेही आपल्याबरोबर आली.

आईच्या बाबतीत तेच झाले. कागद चाळताना दिसले की बाबांच्या माघारी साठलेले सत्तर हजार शेकेल ओवेर वशावमध्ये नुसते पडून आहेत, एक अगोराही व्याज नाही. बँक ऑफ इस्राएलचा व्याजदर २०२२ च्या सुरुवातीला ०.१ टक्का होता, तेव्हा पैसे पडून राहिले तरी फारसे बिघडत नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात तो ४.७५ वर गेला. ज्यांनी कर्ज घेतले होते त्यांचा हप्ता लगेच वाढला, पण आईचे पैसे जिथे होते तिथेच. सत्तर हजार पिकादोनमध्ये तीन टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाचे २१०० होतात, १५ टक्के कर कापून १७८५. आम्ही टेबलावर पंधरा-सोळा शेकेलसाठी वाद घालत होतो आणि खरी गळती इकडे होती. नातवंडांची चौकशी करणाऱ्या पकीदाने एकदासुद्धा म्हटले नाही की बाई, हे पैसे बाजूला ठेवा.

ज्यांचे खाते मिनुसमध्ये असते त्यांची गोष्ट उलट, पण मुद्दा तोच. मिनुसचे व्याज प्राइमवर चढवून लावतात, आणि प्राइम म्हणजे बँक ऑफ इस्राएलचा दर अधिक दीड टक्का. दहा हजारांच्या मिनुसमध्ये वर्षभर राहिलात आणि व्याज दहा टक्के पडले तर हजार शेकेल गेले. तिथे अमला माफ झाली म्हणून खूश होण्यात काय अर्थ? अशा माणसाने बँकेत जाऊन व्याजाचा टक्का किती ते आधी विचारावे, अमलेचे नंतर.

हे सगळे शोधायला फार विद्या लागत नाही. २०१६ पासून बँका दरवर्षी फेब्रुवारीत बँकेचे ओळखपत्र पाठवतात, तेउदात झेहुत बांकाइत म्हणतात ते. त्यात वर्षभरात किती अमला दिली, किती व्याज दिले, किती मिळाले, हे सगळे एकत्र लिहिलेले असते. आपण तो लिफाफा जाहिरात समजून कचऱ्यात टाकतो. आम्हीही टाकत होतो.

भारतात पैसे पाठवणाऱ्यांनी किंवा तिथून मागवणाऱ्यांनी एक वेगळी चौकशी करावी. इथे नुसती पाठवणीची अमला पाहून चालत नाही. शेकेलचे डॉलर कुठल्या भावाने केले आणि मधल्या बँकेने वाटेत किती कापले, हे दोन आकडे विचारले पाहिजेत. स्टेट बँक ऑफ इंडियाने २००७ साली रमत गनला हिऱ्याच्या बाजारात शाखा उघडली तेव्हा आपल्या लोकांना केवढा आनंद झाला होता! पण नाव ओळखीचे म्हणून भाव चांगला असे गृहीत धरू नका. ज्या दिवशी पैसे पाठवायचे त्याच दिवशी दोन ठिकाणी भाव विचारा.

मग सेवा मोजायची कशी? अमलेला आकडा असतो, सेवेला नसतो. आम्ही आमच्यापरीने मोजली. आईला नेता येतील अशी तीन स्नीफे होती. प्रत्येक ठिकाणी महिन्याच्या २८ तारखेनंतर, बितुआख लेउमीच्या गर्दीत गेलो आणि तोर घेऊन बसलो. एका ठिकाणी काउंटरवर माणूसच नव्हता, दारात एक तरुण मुलगी येणाऱ्या म्हाताऱ्यांना मशीनकडे पाठवत होती. दुसरीकडे चाळीस मिनिटे गेली. तिसरे स्नीफ एका बसने जाण्यासारखे, खुर्च्या बऱ्या, पकीद तरुण पण सावकाश बोलणारा. त्याला आम्ही तीन प्रश्न विचारले. कार्ड मशीनने गिळले तर त्याच दिवशी हातात पैसे मिळतील का? आमच्यापैकी एकाला आईच्या खात्यावर यिपुई कोआख, म्हणजे तिच्या वतीने सही करायचा अधिकार, देता येईल का? आणि फोन केल्यावर पहिला माणूस किती वेळात बोलतो? पहिल्या दोघांची उत्तरे त्याने सरळ दिली. तिसऱ्यावर हसला आणि म्हणाला, "तुम्हीच करून बघा." ते आम्हाला आवडले. घरी येऊन केला फोन, सहा मिनिटे लागली.

बँक बदलणे पूर्वी कटकटीचे होते, होराअत केवा एकेक करून हलवा, चेक परत द्या. सप्टेंबर २०२१ पासून नव्या बँकेत अर्ज केला की सात कामाच्या दिवसांत खाते फुकट हलवून मिळते, होराअत केवासकट. मशकंता मात्र त्याबरोबर जात नाही, ती जिथली तिथे राहते. आणि हलण्याआधी एकदा जुन्या बँकेत जाऊन "आम्ही निघालो" असे सांगून पाहावे. आम्ही सांगितले. जी कार्डाची अमला आई कित्येक वर्षे देत होती ती दोन मिनिटांत माफ झाली. राग यावा की हसावे तेच कळेना.

शेवटी आईचे खाते आम्ही त्या तिसऱ्या स्नीफमध्ये नेले. बिले कार्डावर टाकली, साठ हजार पिकादोनमध्ये ठेवले, दहा हजार हाताशी. मुलाचे म्हणणेही अगदी टाकून दिले नाही. आमच्या दोघांचे रोजचे खाते बिनअमलेचेच आहे, फक्त आता भारतात जाताना जुन्या बँकेचे कार्डही बरोबर नेतो, आणि फोन रिक्षातून उतरण्याआधी खिशात घालतो.

मागच्या महिन्यात आई एकटीच बसने जाऊन आली. बितुआख लेउमीचे पैसे आले होते, आठशे काढले. पकीदचे लग्न अजून व्हायचे आहे, घरचे इराकचे, बहीण अश्दोदला असते, एवढी माहिती ती एका फेरीत घेऊन आली. पिकादोनच्या कागदावर व्याज किती लिहिले आहे ते मात्र तिने त्याला तीनदा वाचायला लावले.