गाणे गाजले, पण गाणारे कुठे होते?

१९६९च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांवर 'टाइम ऑफ द सीझन' हे गाणे सारखे वाजत होते. बिलबोर्डच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. गंमत अशी, की ते गाणारा 'झॉम्बीज' हा इंग्रज वाद्यवृंद तेव्हा अस्तित्वातच नव्हता! वर्षभरापूर्वीच तो मोडला होता आणि गायक कॉलिन ब्लनस्टोनवर पोटासाठी विमा कचेरीत नोकरी धरण्याची पाळी आली होती.

झॉम्बी म्हणजे चालता-फिरता मुडदा. नाव असे भयंकर, पण मुले लंडनजवळच्या सेंट अल्बन्स गावातली, शाळेत हुशार. पाचांतले दोघे तर चश्मेवाले! बीटल्सनी सगळ्या इंग्लंडला वेड लावले होते, तेव्हाची ही गोष्ट. १९६४मध्ये या पोरांनी एक स्पर्धा जिंकली आणि डेका कंपनीने त्यांना करारबद्ध केले. विशीही न गाठलेल्या रॉड अर्जंटने लिहिलेले 'शी इज नॉट देअर' हे पहिलेच गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले.

पण पुढे सूर जुळूनही गणित जुळेना. रॉड आणि ख्रिस व्हाइट गाणी लिहीत, त्यामुळे त्यांना मानधन वेगळे मिळे. ब्लनस्टोन, गिटारवादक पॉल अ‍ॅटकिन्सन आणि ड्रमवादक ह्यू ग्रंडी यांच्या हाती मात्र कार्यक्रमांतून सुटेल तेवढेच. १९६७मध्ये फिलिपिन्समध्ये हजारोंची गर्दी लोटली, तरी यांचे खिसे जवळजवळ रिकामेच.

शेवटचा डाव म्हणून त्याच वर्षी त्यांनी अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. पैसे इतके अपुरे, की स्टिरिओ आवृत्तीचा खर्च रॉड आणि ख्रिसने पदरचा केला. मुखपृष्ठ काढणाऱ्या मित्राने 'ओडिसी' शब्दाचे स्पेलिंगच चुकवले; तेही तसेच छापले गेले. एप्रिल १९६८मध्ये अल्बम बाजारात आला तेव्हा पाचही जण आपापल्या वाटेने गेलेले होते. अमेरिकी संगीतकार अल कूपरने कंपनीकडे आग्रह धरला नसता, तर तिकडे तो निघालाही नसता.

मग गाणे गाजले आणि भामट्यांचे फावले. अमेरिकेत तोतये झॉम्बीज गावोगाव कार्यक्रम करू लागले. टेक्सासमधल्या अशाच एका तोतया संचातले दोघे पुढे 'झीझी टॉप'मधून खरोखरचे नामवंत झाले! मूळ मंडळींना मात्र पुन्हा एकत्र येण्याचा मोह झाला नाही. रॉडने नवा संच उभारला होता, ब्लनस्टोनने दुसरेच नाव घेऊन गाऊन पाहिले, तर पॉल पुढे रेकॉर्ड कंपन्यांत अधिकारी झाला.

जानेवारी २००४मध्ये लॉस एंजेलिसला पॉलच्या सन्मानार्थ कार्यक्रम झाला. तो आजारी होता, तरीही गिटार घेऊन जुन्या चौघांसोबत मंचावर उभा राहिला. त्याच एप्रिलमध्ये तो गेला. २००८मध्ये उरलेल्या चौघांनी तो चाळीस वर्षांपूर्वीचा अल्बम लंडनमध्ये प्रथमच संपूर्ण वाजवला, तेव्हा पॉलच्या जागी गिटार दुसऱ्याच्या हातात होती.