उडी आणि वेग : मारिओ-सॉनिक स्पर्धेचा अन्वयार्थ

व्हिडिओ गेमच्या इतिहासात सर्वाधिक गाजलेली स्पर्धा म्हणजे क्योतोच्या निन्टेंडो कंपनीचा मारिओ आणि टोकियोच्या सेगा कंपनीचा सॉनिक यांच्यातील होय. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती अमेरिकेच्या बाजारपेठेत ऐन भरात होती, आणि आजवर तिची हकिगत मुख्यतः विक्रीचे आकडे, जाहिरातींचे डावपेच आणि दोन्ही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांमधील चढाओढ यांच्या आधारे सांगितली गेली आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. कारण या दोन मालिकांमागे पडद्यावरील पात्राच्या हालचालीविषयीचे दोन निरनिराळे विचार होते, आणि त्यांपैकी दुसरा विचार पहिल्याला उत्तर म्हणून पुढे आला होता. मारिओ घडला तो एका क्रियेभोवती, तर सॉनिक घडला तो एका प्रतिस्पर्ध्यासमोर. दोन्ही मालिकांच्या पुढच्या तीन दशकांतील वाटचालीत जो फरक दिसतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या उगमभेदात आहे.

उडीची घडण

ज्या खेळात पात्राला उंचसखल फळ्या, कडे आणि खांब यांवरून उड्या मारत, खड्डे व शत्रू चुकवत मुक्कामी पोहोचावे लागते, त्या प्रकाराला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. १८८९ साली हानाफुदा या जपानी पत्त्यांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या निन्टेंडोने १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ हा आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील खेळ काढला आणि या प्रकाराला पाया मिळाला. शिगेरू मियामोतो यांनी रचलेल्या या खेळातील नायक सुतार होता आणि त्याचे मूळ नाव ‘जंपमॅन’ होते. पुढे कंपनीच्या अमेरिकी शाखेला गोदाम भाड्याने देणारे मारिओ सेगाले यांच्यावरून त्याला मारिओ हे नाव मिळाले. त्याचा चेहरामोहराही यंत्राच्या मर्यादांनी ठरवला होता. मोजक्या ठिपक्यांत केस रेखाटणे अवघड म्हणून टोपी, तोंड दाखवणे अवघड म्हणून मिशी आणि हातांची हालचाल धडापासून वेगळी दिसावी म्हणून डांगरी असा तो पेहराव सिद्ध झाला.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा खेळ या मालिकेची खरी सुरुवात मानला जातो. घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राला कन्सोल म्हणतात आणि त्यात खोचायच्या, खेळ साठवलेल्या डबीला कार्ट्रिज म्हणतात. या खेळाचे ३२ टप्पे, चित्रे आणि कोजी कोंदो यांचे संगीत हे सारे अवघ्या ४० किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवले होते. एवढ्या थोड्या जागेत खेळाला जी समृद्धी आली तिचे रहस्य उडीत होते. बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, धावत येऊन घेतलेली उडी लांब पडते आणि हवेत असतानाही पात्राला मागेपुढे वळवता येते. त्यामुळे एकाच क्रियेतून असंख्य बारीक निर्णय निघतात आणि चूक झाली तर ती आपलीच आहे हे खेळणाऱ्याला पटते. पहिला टप्पा तर कोणत्याही सूचनेशिवाय खेळ शिकवतो: समोरून चालत येणारा पहिला शत्रू उडी मारायला भाग पाडतो, आणि पहिले अळंबे नळावर आपटून परत खेळणाऱ्याकडेच येत असल्याने ते उपकारक आहे हे नवख्यालाही आपोआप कळते.

या यशाचे व्यापारी परिणाम दूरगामी ठरले. १९८३च्या मंदीनंतर अमेरिकेतील दुकानदारांनी व्हिडिओ गेमकडे पाठ फिरवली होती. तेथे निन्टेंडोने पुन्हा बाजार उभा केला आणि त्यावर कडक नियंत्रणही ठेवले. बाहेरच्या प्रकाशकांनी वर्षाला पाचच खेळ काढावेत आणि ते दोन वर्षे अन्य कोणत्याही कन्सोलवर देऊ नयेत, अशा अटी तिच्या परवान्यात होत्या. परिणामी प्रतिस्पर्धी कन्सोलला बाहेरून चांगले खेळ मिळणे दुरापास्त झाले आणि ज्या कंपनीला टिकायचे होते तिला स्वतःचा हुकमी खेळ स्वतःच घडवणे भाग पडले.

उत्तर म्हणून जन्मलेले पात्र

सेगाची मुळे अमेरिकी उद्योजकांनी होनोलुलू आणि टोकियो येथे चालवलेल्या नाण्यांवरील करमणूक-यंत्रांच्या धंद्यात होती. ‘सर्व्हिस गेम्स’ या नावाच्या आद्याक्षरांतून तिचे नाव तयार झाले. तिचा पहिला घरगुती कन्सोल १५ जुलै १९८३ रोजी, म्हणजे निन्टेंडोचा फॅमिकॉम ज्या दिवशी जपानमध्ये आला त्याच दिवशी विक्रीस आला आणि त्याच्यापुढे फिका पडला. १९८८ मध्ये सेगाने मेगा ड्राइव्ह हा १६-बिट कन्सोल आणला. बिट ही संख्या प्रोसेसर, म्हणजे यंत्राची गणना करणारा भाग, एका वेळी किती माहिती हाताळतो याचे ढोबळ माप असून फॅमिकॉम ८-बिटचा होता. यंत्र सरस होते, परंतु त्याची ओळख बनेल असे पात्र सेगाकडे नव्हते. १९८६ पासूनचा ॲलेक्स किड मारिओच्या तोडीचा ठरला नव्हता.

अशा पात्रासाठी कंपनीत जो शोध सुरू झाला, त्यातून चित्रकार नाओतो ओशिमा, प्रोग्रॅमर युजी नाका आणि टप्प्यांचे रचनाकार हिरोकाझू यासुहारा यांचा गट पुढे आला. लांब कानांनी वस्तू उचलणाऱ्या सशाची कल्पना मागे पडली आणि अंगाचे वेटोळे करून चेंडूसारखा घरंगळणारा हेजहॉग, म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेला पण आकाराने लहान प्राणी, निवडला गेला. त्याचा निळा रंग सेगाच्या बोधचिन्हातून आला. कल्पनेचा दुसरा धागा मात्र थेट प्रतिस्पर्ध्याच्या खेळातून आला होता. नाका यांनी पुढे सांगितले आहे की ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा पुन्हा पुन्हा खेळताना तो अधिकाधिक जलद कसा संपवता येईल याचा ध्यास त्यांना लागे, आणि सॉनिकच्या वेगाची कल्पना त्या अनुभवातून आली.

२३ जून १९९१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये ही कल्पना तंत्रात उतरलेली दिसते. मारिओच्या जगातील जमीन प्रायः सपाट ठोकळ्यांची असते. सॉनिकच्या जगात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा उतार असतो आणि तो गणितात धरला जातो, म्हणून पात्र उतारावर वेग घेते, चढावर तो गमावते आणि पुरेसा वेग असेल तर उभ्या वर्तुळाकार मार्गावरून उलटे फिरूनही पडत नाही. मारिओ धोका दिसताच थबकू शकतो. सॉनिकला मात्र साठवलेला वेग जपावा लागतो. अशा घाईत होणाऱ्या चुका सोसता याव्यात म्हणून सोन्याच्या कड्यांची योजना आहे: धक्का बसताच जवळची सर्व कडी विखुरतात, परंतु एक जरी कडे हाती असेल तरी पात्र वाचते. नियंत्रणासाठी दिशांच्या कळीखेरीज एकच बटण पुरते.

येथे एक रूढ समज तपासून पाहणे आवश्यक आहे. सॉनिक म्हणजे अखंड धावणे असे जाहिरातींनी बिंबवले असले तरी पहिल्या खेळातील ‘मार्बल झोन’ आणि पाण्याखालचा ‘लॅबिरिंथ झोन’ हे विभाग मुद्दाम संथ ठेवलेले आहेत, आणि इतर टप्प्यांतही वरचा मार्ग वेगवान असून खालचा अडखळणारा आहे. वरच्या मार्गावर टिकून राहण्यासाठी टप्पा आधी नीट ओळखीचा व्हावा लागतो. याचा अर्थ असा की मूळ रचनेत वेग हा कौशल्याचा मोबदला होता. तो पात्राचा अंगभूत गुण आहे असे चित्र जाहिरातीने उभे केले. पुढील काळात सेगाच्या रचनाकारांची जी ओढाताण झाली, तिचे बीज या दोन समजुतींच्या तफावतीत सापडते.

बाजारातील युद्ध

पूर्वी मॅटेल या खेळणी-कंपनीत असलेले टॉम कॅलिन्स्के १९९० मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख झाले. कन्सोलची किंमत उतरवावी, सोबत फुकट दिला जाणारा जुना खेळ काढून सॉनिक द्यावा, अमेरिकी आवडीचे खेळ तेथेच तयार करावेत आणि जाहिरातीत निन्टेंडोचे नाव घेऊन तुलना करावी, अशी त्यांची योजना होती. स्वतःचा सर्वोत्तम खेळ फुकट वाटण्याची कल्पना जपानमधील मुख्यालयाला रुचली नव्हती, तरी अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी कॅलिन्स्के यांना मोकळीक दिली, असे कॅलिन्स्के यांच्या कथनातून समजते.

ऑगस्ट १९९१ मध्ये निन्टेंडोचा १६-बिट कन्सोल सुपर निन्टेंडो ‘सुपर मारिओ वर्ल्ड’सह अमेरिकेत आला. रंगांच्या बाबतीत तो वरचढ होता, कारण मेगा ड्राइव्हच्या ५१२ रंगांच्या तुलनेत त्याच्या पटावर ३२,७६८ रंग होते; गणनेच्या गतीत मात्र सेगाचे यंत्र पुढे होते आणि सॉनिक हा त्या गतीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. सेगाने मारिओला लहान मुलांचा आणि सॉनिकला किशोरांचा नायक ठरवले, आणि काही काळ तरी अमेरिकेतील १६-बिट बाजारात तिने निन्टेंडोला मागे टाकले. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘सॉनिक २’ अमेरिका व युरोपात एकाच दिवशी आणण्यात आला, आणि वितरणाच्या अनिश्चिततेला सरावलेल्या या धंद्यात ठरलेल्या तारखेचा गाजावाजा हीच मोठी जाहिरात झाली. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज मिरवणुकीत फुग्याच्या रूपाने झळकणारे पहिले व्हिडिओ गेम-पात्र सॉनिकच होते.

हे यश सर्वत्र सारखे नव्हते. जपानमध्ये मेगा ड्राइव्ह कधीच पहिल्या स्थानाजवळ गेला नाही, आणि जागतिक विक्रीत सुपर निन्टेंडोने सुमारे ४ कोटी ९१ लाखांचा आकडा गाठून सेगाला मागे टाकले. भारतात तर ही स्पर्धा जवळपास झालीच नाही. फॅमिकॉमची संपूर्ण जुळणी एकाच चिपवर बसवता येऊ लागल्यावर पूर्व आशियातून त्याच्या स्वस्त, विनापरवाना नकला बाजारात आल्या आणि महाराष्ट्रातील शहरांत ‘कॅसेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्ट्रिजमधून मारिओ घरोघरी पोहोचला. शॉ वॉलेस कंपनीने १९९५च्या सुमारास अधिकृतपणे आणलेला मेगा ड्राइव्ह मात्र मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर राहिला. म्हणूनच मराठी वाचकांच्या एका पिढीला मारिओ बालपणापासून परिचित असतो, तर सॉनिक पुष्कळदा चित्रपटांमुळे माहीत झालेला असतो. नकलांच्या या बाजाराने दोघांची गाठही घालून दिली: १९९४चा ‘सोमारी’ हा फॅमिकॉमवरील विनापरवाना खेळ सॉनिकच्या टप्प्यांत मारिओला धावायला लावतो.

तिसरी मिती आणि वाटा वेगळ्या होणे

सपाट चित्राऐवजी खोली असलेले त्रिमितीय जग जेव्हा शक्य झाले, तेव्हा दोन्ही विचारांची खरी कसोटी लागली. १९९६चा ‘सुपर मारिओ ६४’ यशस्वी झाला, कारण उडी ही क्रिया कोणत्याही दिशेने तितकीच अर्थपूर्ण राहते. मियामोतो यांच्या गटाने १५ मुख्य प्रदेश रचून त्यांत पुन्हा पुन्हा नव्या उद्दिष्टांसाठी जायला लावले आणि एकूण १२० तारे गोळा करण्याचा खेळ उभा केला. थोड्या जागेचा पुरेपूर वापर हे १९८५चेच तत्त्व येथेही कामी आले. वेगाच्या बाबतीत हे गणित उलटे पडते: वेगवान पात्र काही सेकंदांत ओलांडेल असा रस्ता बांधायला रचनाकारांना अनेक दिवस लागतात, आणि पात्रामागून फिरणारा, खेळणाऱ्याची नजर ठरवणारा आभासी कॅमेरा समोरचा अडथळा वेळेत दाखवू शकत नाही.

सेगाची धोरणेही या वेळी डळमळीत होती. १९९४ मध्ये जपानमध्ये आलेला सॅटर्न हा कन्सोल मे १९९५ मध्ये अमेरिकेत अचानक ३९९ डॉलरला विक्रीस काढण्यात आला, तर सोनीने आपला प्लेस्टेशन २९९ डॉलरला जाहीर केला. त्यातच सॅटर्नसाठी तयार होत असलेला ‘सॉनिक एक्स-ट्रीम’ हा त्रिमितीय खेळ रद्द करावा लागला आणि नायकाविना कन्सोल अशी अवस्था झाली. डिसेंबर १९९८ मध्ये ड्रीमकास्ट या कन्सोलवर ‘सॉनिक ॲडव्हेंचर’ आला तेव्हा फार उशीर झाला होता. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोल-निर्मिती थांबवून इतरांच्या यंत्रांसाठी खेळ करण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘सॉनिक ॲडव्हान्स’ निन्टेंडोच्या हातात धरायच्या कन्सोलवर प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या निमित्ताने मारिओ आणि सॉनिक एकाच खेळात एकत्र आले, तेव्हा व्यापारी वैर औपचारिकरीत्याही संपले.

यानंतरची सॉनिकची वाटचाल चाचपडत झाली. पात्रांची गर्दी, गुंतागुंतीची कथानके आणि २००६ साली सदोष अवस्थेत बाजारात आलेला, मूळच्याच नावाचा खेळ यांतून मालिकेला आपले मर्म सापडत नसल्याचे दिसते. ज्याच्याशी तुलना करून या पात्राला अर्थ मिळत होता तो प्रतिस्पर्धी आता त्याच दुकानाचा मालक झाला होता. तरीही विरोध नाहीसा झाल्यावर सॉनिकमध्ये काहीच उरले नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. २०१७ मध्ये ख्रिश्चन व्हाइटहेड आणि त्यांच्यासारख्या मालिकेच्या चाहत्यांमधून आलेल्या रचनाकारांनी सेगासाठी ‘सॉनिक मेनिया’ तयार केला. त्यात उतार, वेग आणि अनेक मार्ग ही १९९१ची मांडणी जवळपास तशीच ठेवली होती आणि समीक्षकांनी तिचे एकमुखाने स्वागत केले. जाहिरातीने दिलेली ओळख झिजली, परंतु नाका, ओशिमा आणि यासुहारा यांनी सोडवलेला गतीचा प्रश्न शिळा झालेला नव्हता, हे त्यातून सिद्ध झाले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘सॉनिक सुपरस्टार्स’ आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ हे द्विमितीय पद्धतीचे दोन नवे खेळ तीन दिवसांच्या अंतराने आले. दोन्ही निन्टेंडोच्या स्विच या एकाच कन्सोलवर उपलब्ध असल्याने एक घेतल्यामुळे दुसरा खेळता येऊ नये अशी १९९१ची सक्ती कोणावरही नव्हती, आणि पहिल्या दोन आठवड्यांत ४३ लाख प्रती खपलेल्या मारिओचे व्यापारी वर्चस्व निर्विवाद होते. या वर्चस्वाचे श्रेय बहुतेकदा निन्टेंडोच्या सावध व्यवस्थापनाला दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु मारिओला आपली ओळख सांगण्यासाठी दुसऱ्या कोणाची गरज कधीच पडली नाही, हे कारण त्याहून मूलभूत आहे. उलट सॉनिकचा इतिहास असे दर्शवतो की स्पर्धेच्या गरजेतून जन्मलेली कल्पनाही अस्सल असू शकते, मात्र ती कल्पना आणि तिची जाहिरात यांतील भेद तिच्या मालकांना ओळखता आला पाहिजे. सेगाला तो ओळखायला पाव शतक लागले, आणि तो ओळखून दाखवणारे लोक कंपनीबाहेर, खेळणाऱ्यांमध्ये घडलेले होते.