टोकियोची चिठ्ठी: म्हातारपण राहत्या घरी

निशी-कासाई, टोकियो

जपानी मुलं आईबापांना विचारत नाहीत, म्हणून तिथं सरकार म्हाताऱ्यांना सांभाळतं, असं आपल्या हिवरखेडात बरेच जण मानतात. इथं राहिल्यावर वेगळंच कळलं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथंही सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं सुनेच्याच गळ्यात असे. आयुर्मान वाढलं, बायका नोकरीला लागल्या आणि घरोघरच्या सुना खचू लागल्या. म्हणून 1997 साली कायदा झाला आणि एप्रिल 2000 पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. चाळिशी गाठली की प्रत्येकाला हप्ता लागू. मदत घेणाऱ्याचा वाटा सोडला, तर बाकीचा निम्मा खर्च हप्त्यांतून भागतो, निम्मा करांतून.

मदत हवी असली की नगरपालिकेत अर्ज करायचा. मग पाहणीला माणूस घरी येतो आणि 74 मुद्दे तपासतो. कूस बदलता येते का, नखं स्वतःची स्वतः कापता का, सध्या कोणता ऋतू चालू आहे? डॉक्टरांचं मत जोडून समिती सात पायऱ्यांपैकी एक ठरवते आणि त्यानुसार मदत मिळते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो, कमाई जास्त असेल तर दोन किंवा तीन हिस्से. न्हाणीघरात दांडा बसवायचा, उंबरा काढायचा, तर दोन लाख येनपर्यंतच्या कामाला हाच विमा लागू होतो.

आमच्या गल्लीत सकाळी दिवसभराच्या केंद्राची गाडी येते. शेजारच्या आजी दारातल्या बाकावर बसून बूट चढवतात. केंद्राकडून न्यायला आलेली मुलगी त्यांच्यापुढे उकिडवी बसते, पण हात धरून ओढत नाही. आजी स्वतः दांडा पकडून उठेस्तोवर थांबते. केंद्रात आंघोळ, जेवण, व्यायाम होतो आणि दुपार कलली की आजी घरी परत. एकट्या म्हातारीला ती आंघोळ किती मोलाची, हे न्हाणीघरात पाय घसरण्याची धास्ती असलेल्यालाच कळेल.

तरी मला विम्याहून मोठी वाटते ती मोहल्ल्याची व्यवस्था. ठरावीक वस्तीमागे एक साहाय्य केंद्र असतं. 2006 पासूनच्या या केंद्रांत आरोग्य परिचारिका, समाजसेवक आणि शुश्रूषेचा अनुभवी सल्लागार एका छताखाली भेटतात. त्यांच्या जोडीला 'मिन्सेइ-इइन', म्हणजे सरकारने नेमलेले, पण पगार न घेणारे शेजारी. 1917 साली ओकायामात या प्रथेचं मूळ रुजलं आणि आज देशभर असे दोन लाखांवर लोक आहेत. आपल्या वाट्याच्या घरांत कोण एकटं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. ज्यांच्या अंगात अजून धमक आहे, त्यांनाही घरी बसवत नाहीत. साठीपुढच्यांना झाडं छाटणं, सायकलतळ सांभाळणं अशी कामं मिळवून देणारी देशातली पहिली संस्था 1975 साली आमच्या याच एदोगावा विभागात निघाली.

सगळं आलबेल आहे असं नाही. बंद दाराआड एकट्यानं मरणारे इथंही आहेत. मिन्सेइ-इइन स्वतःच म्हातारे होत चाललेत, आणि शुश्रूषेला माणसं मिळेनात म्हणून जपान परदेशी कामगार बोलावतंय. त्यासाठी 2021 मध्ये भारताशीही करार झाला.

गावाकडच्या मावशी फोनवर म्हणतात, “पोरगा म्हन्ते, पुन्याले ये. पन मले तथी करमतच नाही.” त्यांना पुण्याला न्यायची घाई कशाला? श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन आहे, पंच्याहत्तरीपुढे 2022 पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. पण घरापासून स्टँडपर्यंत त्यांना नेणार कोण? शेजारीपाजारी जीव लावतात, यात शंका नाही. पण सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही, आणि पेरणीच्या दिवसांत शेजारीही वावरात असतो.

नेमून दिलेलं काम कसं होतं, ते आशाताईकडे पाहून कळतं. तिच्याकडे साधारण हजार लोकसंख्या नेमून दिलेली असते, म्हणून कोणती बाळंतीण कुठं आणि कोणत्या लेकराची लस कधी, हे तिला तोंडपाठ असतं. आधीच वाकलेल्या तिच्या खांद्यावर म्हाताऱ्यांची विचारपूस हे आणखी ओझं नको. पण तिच्यासारखीच नेमून दिलेली घरं ज्येष्ठ नागरिक संघातल्या धडधाकट मंडळींनी वाटून घ्यावीत. एकेकानं वीस घरं घ्यावीत. एकटं कोण राहतं, गोळ्या कोणत्या चालू आहेत, पोराचा फोन नंबर काय, एवढं वहीत उतरवावं आणि दर दोन दिवसांनी दार ठोठावावं. याला शासनाच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. येत्या पंधरवड्यातही हे सुरू होऊ शकतं.